धुतलेला हात आणि नळाची तोटी

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा अजून रिकाम्या आहेत.

हा विषय मला सुचवला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. हात धुवावेत हे सांगायला तासभराचं व्याख्यान कशाला हवं? शाळेत जाणारं कुठलंही पोर ते सांगेल, वर करूनही दाखवेल. तीस वर्षं मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. एवढ्या वर्षांत ‘हात धुण्यात काही अर्थ नाही’ असं म्हणणारा माणूस मला एकही भेटला नाही. आणि धुवायला हवेत तेव्हा न चुकता धुणारेही बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. त्या मोजक्यांत मी स्वतःला धरत नाही. का, ते पुढे येईलच.

सुरुवात या माइकपासून करू. माझ्या आधी हा दोघांच्या हातात होता. त्यांतल्या एकांना बोलता बोलता खोकला आला, तो त्यांनी मुठीत घेतला आणि मग त्याच हाताने माइक माझ्याकडे दिला. नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि हसतायत. मी काय केलं? माइक घेतला आणि त्याच बोटांनी चष्मा वर सरकवला. सरकवता सरकवता डोळ्याचा कोपराही चोळला. म्हणजे त्यांच्या घशातलं काही असेल तर त्याची माझ्या डोळ्यापर्यंत जायची सोय जेमतेम मिनिटभरात झाली. आणि आम्हा दोघांचेही हात तुम्ही आत्ता पाहिलेत तर स्वच्छच म्हणाल.

म्हणून ‘हात स्वच्छ आहेत का?’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. मी विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न विचारायला लावत असे: हा हात आत्ता कुठून आला आणि कुठे निघालाय? धुणं या दोन्हींच्या मधे पडलं तरच कामाला येतं. आज मला तेवढंच सांगायचंय. बाकीचं त्याच्या अवतीभवतीचं आहे.

आधी हातावर असतं काय ते पाहू. फिलिप प्राइस नावाच्या शल्यविशारदाने हातावरच्या जंतूंचे दोन गट पाडले, ते साल १९३८. त्याची पद्धत गमतीदार होती. एकामागून एक पाण्याची भांडी मांडायची, प्रत्येकात ठरावीक वेळ हात घासायचे आणि प्रत्येक भांड्यातल्या पाण्यात किती जंतू उतरले ते मोजायचं. सुरुवातीच्या भांड्यांत भराभर उतरतात, मग वेग मंदावतो आणि पुढे कितीही घासलं तरी थोडे थोडे येतच राहतात. येतच राहणारे ते घरचे. ते त्वचेच्या थरांत, केसांच्या मुळांशी राहतात, सहसा काही त्रास देत नाहीत, उलट बाहेरच्यांना जागा मिळू देत नाहीत. पहिल्या झटक्यात गेले ते वाटसरू. कडी, पैसे, दुसऱ्याचा हात, कच्चं मांस, बाळाचं लंगोट अशा कुठून कुठून आलेले, वरवर बसलेले. रोजच्या आयुष्यात आपल्याला आजारी पाडतात ते बहुतेक हे वाटसरू. सुदैवाने साध्या साबणपाण्याने निघतात तेही हेच. घरच्यांना हुसकायची गरज आपल्याला नाही, ती शस्त्रक्रियेच्या आधी शल्यविशारदाला. तेव्हा ‘हात निर्जंतुक झाले’ असं कोणी म्हणालं की मी मनात हसते. जिवंत माणसाचा हात निर्जंतुक होत नसतो.

आता जरा मागे जाऊ. सेमेलवाइसची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ती बहुधा अर्धीच सांगतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग उरलेल्या अर्ध्यात आहे, पण आधी पहिला अर्धा भराभर सांगते. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. भरतीचे दिवस वाटून दिलेले. कुठल्या विभागात जायचं ते बाई कुठल्या दिवशी दारात आली त्यावर ठरायचं. १८४१ ते १८४६ या वर्षांत पहिल्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बाळंतिणी दगावत, दुसऱ्यात चारसुद्धा नाही. ही गोष्ट शहरात इतकी माहीत होती की बायका गुडघे टेकून विनवत, आम्हाला पहिल्या विभागात घालू नका.

इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला तरुण हंगेरियन साहाय्यक. त्याने एकेक फरक तपासून पाहिला. सुइणी बायकांना कुशीवर निजवतात म्हणून त्यानेही कुशीवर निजवलं. मरणाऱ्या बाईपाशी जाणारा पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जातो, त्या घंटेच्या धसक्याने होत असेल म्हणून घंटा बंद करवली. फरक शून्य. मग मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी यकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शवात जे दिसलं ते बाळंतज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या जीवघेण्या तापाने, गेलेल्या बायकांच्या शवांसारखंच. सेमेलवाइसच्या डोक्यात उजेड पडला: डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवं फाडतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणी तपासायला येतात. सुइणी शवविच्छेदन करत नाहीत. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या मध्यापासून त्याने विभागात येणाऱ्या प्रत्येकाला क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. हे द्रावण निवडलं ते शवाचा वास त्याने जातो म्हणून. जंतूंमुळे असे आजार होतात हे तेव्हा वैद्यकाने मानलेलं नव्हतं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा १८.३ होतं. जूनमध्ये २.२ झालं.

इथपर्यंत सगळे सांगतात. आता पुढचं ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्या विभागात पहिल्या खाटेवर एक बाई आली. तिच्या गर्भाशयाला कर्करोग होता आणि त्यातून स्राव वाहत होता. डॉक्टरांनी शिरस्त्याप्रमाणे विभागात शिरताना क्लोरीनच्या पाण्यात हात धुतलेले होते. तपासणी पहिल्या खाटेपासून सुरू झाली. तिला तपासलं, साबणाने हात विसळले आणि पुढच्या खाटांकडे वळले. त्या वेळी प्रसूत होत असलेल्या बारा जणींपैकी अकरा गेल्या.

हात धुतले होते, त्या काळातल्या सगळ्यात उत्तम द्रावणाने धुतले होते, पण दारात. पहिल्या आणि दुसऱ्या खाटेच्या मधे ते द्रावण नव्हतं. सेमेलवाइसने मग नियम बदलला, प्रत्येक बाईनंतर क्लोरीनचं पाणी. शिकवताना मी या दोन खाटांपाशी नेहमी थांबत असे. आपण घरी, कार्यालयात, प्रवासात ज्या चुका करतो त्या जवळपास सगळ्या याच जातीच्या असतात. आपण दारात धुतो.

त्या माणसाचं पुढे काय झालं हे विषयाला सोडून आहे, तरी सांगते. वरिष्ठांना ते पटलं नाही, त्यालाही पटवून द्यायची कला नव्हती, आणि शेवटी शेवटी तो उघड पत्रांतून लोकांना खुनी म्हणू लागला. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात तो वारला, वय ४७, जखम चिघळून. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या उघड्या जखमेवर जंतू मारणाऱ्या कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली होती. तो पाय वाचला.

आता आपल्या घरात येऊ. म्हणजे माझ्या. माझी मुलगी दहा महिन्यांची होती तेव्हा आमच्याकडे एक आठवडा सगळ्यांची पोटं बिघडली. आधी ती, मग सासूबाई, मग हे, शेवटी मी. मी बाहेरच्या पाण्याला दोष देऊन मोकळी झाले. घरात मी सूक्ष्मजीवशास्त्राची बाई, माझ्यावर कोण बोट ठेवणार? हात तर मी घड्याळ लावल्यासारखे धूत होते. एका दुपारी मुलीची शी स्वच्छ केली आणि बेसिनपाशी गेले. जुन्या पद्धतीची पिळायची तोटी होती. ती उघडली, साबण घेतला, बेचक्या, नखं, मनगट, सगळं साग्रसंगीत. तोटी बंद केली. मागे सासूबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तीच तोटी उघडली. त्या क्षणी मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तोटी मी उघडली होती माखलेल्या हाताने आणि बंद केली धुतलेल्या हाताने. म्हणजे नळावर जे ठेवलं होतं ते सव्याज परत घेतलं, आणि उरलेलं सासूबाईंना दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेण्यासाठी मी त्या तोटीवरून एक ओला बोळा फिरवला आणि पेट्री डिशमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, मॅकॉन्की अगारवर रेघोट्या ओढल्या. हे माध्यम आतड्यातल्या जंतूंना मानवतं, आणि त्यांतले जे दुग्धशर्करा पचवतात त्यांच्या वसाहती त्यावर गुलाबी दिसतात. चोवीस तासांनी डिश उघडली तर गुलाबी ठिपक्यांची रांगोळी. एवढ्याने आमची पोटं तोटीमुळेच बिघडली हे सिद्ध होत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना ठणकावून सांगितलं असतं. पण तोटीवर आतड्यातले जंतू होते, आणि ते तिथवर चालत गेले नव्हते. त्यानंतर आमच्याकडे एक साधा नियम झाला: हात माखलेले असतील तेव्हा तोटी कोपराने किंवा मनगटाने उघडायची, जमत नसेल तर दुसऱ्याला हाक मारायची, आणि बंद करताना ज्या कागदाने हात पुसले तोच तोटीवर धरायचा. पुढे लांब दांड्याची तोटी बसवली.

विष्ठेतून तोंडाकडे जाणारे असे रस्ते १९५८ मध्ये वॅग्नर आणि लान्वा या दोघांनी एका आकृतीत मांडले. पाणी, बोटं, माश्या, शेतजमीन आणि मग अन्न. त्यांतलं पाणी कोणी शुद्ध करायचं, मैला कुठे न्यायचा हे आपल्या एकट्याच्या हातात नाही. बोटांचा रस्ता मात्र अक्षरशः आपल्या हातात आहे. सर्दी, फ्लू अशा श्वसनाच्या आजारांचाही एक रस्ता बोटांवरून जातो. फरक इतकाच की तिथे मुक्काम तोंडापेक्षा नाकाडोळ्यांकडे असतो. आणि आपण चेहऱ्याला किती वेळा हात लावतो याची कल्पना आपल्याला नसते. सिडनीत वैद्यकीच्या २६ विद्यार्थ्यांचं व्याख्यान चालू असताना चित्रीकरण केलं आणि मग मोजलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी तासाला २३ वेळा हात चेहऱ्याला लागला, त्यांतल्या ४४ टक्के वेळा डोळे, नाक किंवा तोंड यांना. मी बोलायला लागल्यापासून तुम्ही काय काय केलंत ते मला इथून दिसतंय. नाही, आता मुद्दाम हात मांडीवर ठेवू नका, दहा मिनिटांत विसराल.

चेहऱ्याला हात लावणं थांबवता येत नाही म्हणूनच मधे धुणं आलं. कुठून आलेला हात? शौचाहून, बाळाला स्वच्छ करून, आजाऱ्याची उशी नीट करून, नाक शिंकरून, खोकला हातावर घेऊन, कचरा टाकून, जनावराला कुरवाळून, कच्चं मांस हाताळून. कुठे निघालेला? अन्नाकडे, बाळाच्या तोंडाकडे, जखमेकडे, डोळ्यात घालायच्या थेंबांकडे किंवा लेन्सकडे. ही यादी पाठ करू नका. ‘कुठून, कुठे’ एवढं ध्यानात ठेवलंत तर ती आपोआप तयार होते, आणि तिच्यात नसलेल्या जागाही सापडतात. उदाहरणार्थ फोन. जेवणाआधी हात धुवायचे, ताटावर बसायचं आणि जेवता जेवता फोन चाळायचा. दिवसभर तो फोन जिथे जिथे गेला तिथले सगळे वाटसरू पंगतीला आले. त्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. जेवणालाही बरं.

कसं धुवायचं यावर मी फार वेळ घालवणार नाही, त्याऐवजी एक गंमत दाखवते. कोणी पुढे येतं का? या. (एक उंच तरुण व्यासपीठावर आला. त्याच्या हातांत पांढरे रबरी हातमोजे घालून, डोळ्यांवर रुमाल बांधून तळहातावर चमचाभर जांभळा पोस्टर कलर ओतला.) हा साबण आहे असं समजा आणि नेहमीसारखे हात धुवा. मी वीस सेकंद मोजते. झालं? रुमाल सोडा आणि हात सगळ्यांना दाखवा. बघा, तळहात कसे जांभळेगर्द. बोटांच्या आतल्या बाजूही बऱ्या. आता अंगठे बघा: दोन्ही कोरे, जणू ते या हाताचे नव्हेतच. बोटांची टोकं पांढरी. हाताच्या पाठीवर पट्टे. आणि एक बारीक गोष्ट, उजवा हात डाव्यापेक्षा जास्त कोरा आहे. तुम्ही उजवे ना? मग उजव्याने डाव्याला छान चोळलं. डाव्याला ते काम तितकं जमत नाही.

हा दोष या मुलाचा नाही. १९७८ मध्ये टेलर यांनी असाच रंग वापरून रुग्णालयातल्या लोकांचे हात तपासले होते, आणि सुटलेल्या जागा याच: अंगठे, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्या. ज्या टोकांनी आपण डोळा चोळतो, घास उचलतो, बटण दाबतो, नेमकी तीच. तेव्हा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा आणि टोकं दुसऱ्या तळहातावर घासा. ही दोन कामं केलीत की बाकीचं जवळपास होतंच. चोळायला वीस सेकंद द्या. ओले करणं, विसळणं आणि पुसणं धरून चाळीस ते साठ सेकंद लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगठी घालणाऱ्यांनी ती सरकवून तिच्याखाली चोळावं. त्या खाचेत साबण आपणहून जात नाही.

आणि पुसा. पुसण्याकडे दुर्लक्ष होतं याचं मला फार वाईट वाटतं. ओल्या हाताला जंतू पटकन लागतात आणि ओल्या हातावरून ते पुढच्या वस्तूवर पटकन उतरतात. किती उतरतील ते हातावर उरलेल्या ओलीवर ठरतं, हे १९९७ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. हात झटकून, मग कपड्यांना पुसून बाहेर पडणारे आपण बहुतेक सगळेच. घरात चार माणसांचा एकच टॉवेल आठवडाभर दमट लटकत असेल तर तोही एक तोटीच समजा.

साबण करतो काय? त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलकटाकडे. हातावरचा मळ तेलाच्या पातळ थराला धरून असतो. साबणाची तेलकट टोकं त्या थरात घुसतात, त्याचे बारीक गोळे करतात आणि पाणी ते वाहून नेतं. नुसत्या पाण्याला तेल सुटत नाही, म्हणून नुसतं पाणी कमी पडतं. फ्लू आणि कोरोना यांच्या विषाणूंना बाहेरून मेदाचं आवरण असतं, साबण ते आवरणच फोडतो. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू मात्र बिनआवरणाचा, चिवट. त्याला साबण फोडू शकत नाही, पण हातावरून सोडवून मोरीत नक्की पाठवतो. म्हणूनच घरात उलट्या-जुलाबांचा आजारी असेल तेव्हा सॅनिटायझरवर विसंबू नका, नळाकडे जा.

सॅनिटायझरला मी नावं ठेवत नाहीये. पाणी नसेल तिथे आणि हात माखलेले नसतील तेव्हा तो उत्तम. पण त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवं. मला विद्यार्थी विचारत, मग शंभर टक्के का नको? कारण जंतूंची प्रथिनं मोडायला अल्कोहोलला पाण्याची साथ लागते. शुद्ध अल्कोहोल त्या कामात उलट उणं पडतं. हात चिखलाने किंवा तेलाने माखलेले असले तर ते खालपर्यंत पोचतच नाही. आणि थेंबभर घेऊन दोनदा चोळलं की झालं, असंही नाही. दोन्ही हात सगळीकडून ओले व्हायला हवेत आणि चोळता चोळता सुकायला हवेत.

आता मला खरा वाटणारा प्रश्न. सगळं माहीत असून आपण धूत का नाही? ब्रिटनमध्ये महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळांवर स्वच्छतागृहांत संवेदक बसवून हे मोजलं गेलं. दारातून किती आले, साबण किती जणांनी घेतला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: साबण घेणाऱ्या बायका शेकडा ६४, पुरुष शेकडा ३२. मग दारावरच्या पाटीवर वेगवेगळी वाक्यं झळकवून पाहिली. जंतूंची माहिती देणारी, किळस आणणारी, अशी बरीच. सगळ्यांत चांगलं चाललं ते एक साधं वाक्य: तुमच्या शेजारचा माणूस साबणाने हात धुतोय का? म्हणजे जंतूंपेक्षा शेजाऱ्याची भीती जास्त. मला हे वाचून हसू आलं आणि थोडं हायसंही वाटलं. लाज अजून कामाला येते.

दुसरं उदाहरण जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांचं. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला तासाभरात वीसेक वेळा हात स्वच्छ करायची वेळ येते. बेसिनपर्यंत जाऊन, धुऊन, पुसून यायचं तर तासातला मोठा हिस्सा त्यातच संपेल, मग रोग्याकडे बघणार कधी? त्यांनी परिचारिकांना रागावणं सोडलं आणि अल्कोहोलचं द्रावण प्रत्येक खाटेशी आणून ठेवलं, भित्तिचित्रं लावली, मोजमाप करून लोकांना दाखवत राहिले. डिसेंबर १९९४ मध्ये हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं, १९९७ मध्ये ६६ झालं. रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचं प्रमाण त्याच सुमारास १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. ज्ञान त्या परिचारिकांना आधीही होतं. बदलली ती बाटलीची जागा. सेमेलवाइसच्या पहिल्या आणि दुसऱ्या खाटेच्या मधे दीडशे वर्षांनी बाटली आली म्हणा ना.

म्हणून कोणी मला विचारलं की मुलांना हात धुवायची सवय कशी लावू, तर मी आधी विचारते, बेसिन किती उंच आहे? साबणापर्यंत त्याचा हात पोचतो का? शाळेत डबा खायच्या जागेपासून नळ किती लांब आहे, आणि मधल्या सुट्टीत रांग केवढी असते? पोराला उपदेश करण्याआधी नळाशी एक पाट ठेवा. सवय अंगवळणी पडते ती अंगाच्या सोयीने. आणि सोय हा शब्द वापरताना मी जरा थबकते, कारण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या हिशेबानुसार २०२० मध्ये जगातल्या सुमारे २३० कोटी लोकांच्या घरात पाणी आणि साबण दोन्ही असलेली हात धुण्याची जागा नव्हती. त्यांच्यापुढे अंगठ्याची गोष्ट काय सांगणार?

कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेला एक अभ्यास या संदर्भात आठवतो, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. काही कुटुंबांना दर आठवड्याला साबण पुरवला आणि हात धुवायला प्रोत्साहन दिलं. ज्या घरांना असा साबण दिला नव्हता त्यांच्या तुलनेत पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनिया निम्म्याने कमी दिसला, पंधरा वर्षांखालच्या मुलांत अतिसार ५३ टक्क्यांनी कमी. यातली आणखी एक गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. निम्म्या घरांना जंतुनाशक साबण दिला होता, निम्म्यांना साधा. दोन्हींच्या परिणामांत फरक पडला नाही.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्यायत. पहिली त्याचीच: जंतुनाशक साबण घ्यावा का? उत्तर आत्ताच येऊन गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसॅनसह १९ जंतुनाशक द्रव्यं घरगुती वापराच्या अशा साबणांतून काढायला लावली, कारण ती साध्या साबणपाण्यापेक्षा सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही.

दुसरी: गरम पाणी लागतं का? नाही. २०१७ मध्ये १५, २६ आणि ३८ अंशांच्या पाण्याने धुऊन तुलना केली, जंतू निघण्यात फरक आढळला नाही. सोसेल ते पाणी वापरा.

तिसरी: सगळ्यांच्या हाताळणीतली साबणाची वडी घाण नाही का? वड्यांवर मुद्दाम जंतू लावून माणसांना धुवायला देऊन पाहिलं होतं, १९८८ मध्ये. ते हातांवर उतरले नाहीत. वडी पाण्यात लिबलिबीत पडू देऊ नका, एवढंच. पुन्हा पुन्हा भरायच्या द्रवसाबणाच्या बाटलीची मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण ती कोणी कधी आतून घासत नाही आणि जुन्यावर नवा ओततात. आतून धुवा, सुकवा, मग भरा.

आणि एक आजी विचारतायत, इतकं धुतलं तर नातवंडांची प्रतिकारशक्ती कशी वाढणार? आजी, मातीत खेळू द्या, कुत्र्यामांजरात लोळू द्या, चिखलात उड्या मारू द्या. जेवायला बसताना आणि शौचाहून आल्यावर धुवा. मातीतल्या जंतूंशी ओळख होणं निराळं आणि दुसऱ्याच्या आतड्यातले जंतू पोटात जाणं निराळं.

शेवटची चिठ्ठी एका परिचारिका ताईंची आहे: दिवसभर धुऊन हात फुटतात, सॅनिटायझर झोंबतं, काय करू? ताई, हा आजच्या प्रश्नांतला सगळ्यांत महत्त्वाचा. फुटलेल्या त्वचेच्या भेगांत जंतू जास्त राहतात आणि ते धुऊन निघायला अवघड जातात. शिवाय दुखतंय म्हणून माणूस धुणंच टाळतो. सॅनिटायझर झोंबतं ते बहुधा आधीच्या भेगांमुळे. साबण आणि गरम पाणी त्वचेचं तेल काढून नेतं. चांगल्या द्रावणात ग्लिसरीन असतं, त्यामुळे हात माखलेले नसताना वारंवार साबणाऐवजी ते वापरलंत तर त्वचेला उलट कमी त्रास होतो. ओल्या हातांवर ते लावू नका, आणि साबणाने धुतल्यावर लगेच त्यावर सॅनिटायझरचा मारा करू नका. पाणी कोमट किंवा गार ठेवा, पुसताना घासू नका, टिपा. कामाची पाळी संपल्यावर आणि झोपताना जाड मलम लावा. आठवड्याभरात भेगा बुजल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर उघड्या भेगेवर पट्टी लावूनच हातमोजे घाला.

हा माइक आता कोणाकडे द्यायचाय? थांबा, आधी पुसून देते.